लाल स्वेटरचा लिलाव

आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाचा लिलाव मी करते. मला कुणी रीतसर नेमलेलं नाही. उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेला, तोही जनरल वॉर्डात. तिथं एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या नातेवाइकाला "ओ दादा, पेशंटच्या पलंगावर बसू नका!" म्हणून ओरडायची सवय लागली, ती काही गेली नाही. निवृत्त झाले तेव्हा चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, हा आवाज आता देवाच्या कामाला लावा." पहिल्या वर्षी त्यांनी हातात माइक दिला होता. मी तो बाजूला ठेवला.

दुसरी सवयही वॉर्डातलीच, चौकशीची. पेशंटला काय होतंय ते डॉक्टर विचारायचे. पण तो कुणाचा कोण, घरी कोण कोण, जेवला कधी, रुसला कुणावर, हे कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीत नमस्काराच्या जागी सलाम म्हणतात. माझे यजमान म्हणायचे, "हिला कुणी सलाम केला की ही त्याची वंशावळ काढायला बसते." काढते, मग? माणसानं विचारावं. न विचारता कळलेल्या गोष्टी निम्म्या खोट्या निघतात, हा माझा अनुभव आहे.

कापणीचा सण खरं तर शेतकऱ्यांचा. खेड्यापाड्यात लोक नव्या पिकातलं पहिलं, चांगलं ते आणून वेदीपुढं ठेवतात. चर्चमधली भक्ती, म्हणजे उपासना, संपली की त्याचा लिलाव होतो आणि पैसा देवाच्या कामाला जातो. आमची मंडळी पडली शहराच्या छावणी भागातली. कुणी वाळूजच्या कंपनीत, कुणी शाळेत, कुणी बँकेत. पीक म्हणाल तर गॅलरीच्या कुंडीतल्या चार मिरच्या. पण सण सुटत नाही. मग कुणी दौलताबादहून सीताफळांची पाटी आणतं, कुणी औरंगपुऱ्यातून फुलकोबीचा गड्डा उचलून आणतं, कुणी घरचा केक, कुणी गावाकडच्या चुलत्याचा जिवंत कोंबडा. बाजारात ज्या भोपळ्याकडं कुणी ढुंकून बघणार नाही, त्याच्यासाठी आमच्याकडं दोन घराणी इरेला पेटतात. हौसेला मोल नसतं, आणि ते मोल वाढवायला मी असते.

ह्या लिलावाचे काही रिवाज आहेत. शेवटच्या बोलीवर मी एक, दोन, तीन म्हणते, आणि तीन म्हटलं की सौदा पक्का. एकदा वेदीपुढं ठेवलं की ते देवाचं झालं, परत न्यायचं नाही. ज्यानं घेतलं त्याला वाटलं तर तो "पुन्हा!" म्हणून ओरडतो आणि वस्तू परत देतो, मग तिचा परत लिलाव. असा एक कोंबडा मी एका सणात इतक्यांदा विकला, की शेवटी तो माझ्याच हातात झोपी गेला. आणखी एक रिवाज आमच्या इथंच पडला. आपण आणलेल्या वस्तूवर आपण बोली लावायची नाही. त्याला एक गृहस्थ कारण. त्यांच्या पपईला कुणी भाव देईना, तेव्हा अपमान होऊ नये म्हणून ते स्वतःच बोली वाढवत बसले आणि स्वतःचीच पपई घेऊन घरी गेले. त्यांच्या बायकोनं आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला होता म्हणे. तेव्हा चर्चच्या पंच कमिटीनं नियम केला आणि कमिटीचे सेक्रेटरी तो नियम दहा आज्ञांच्या खालची अकरावी आज्ञा असल्यासारखा पाळतात.

तर गेल्या सणाच्या थोडं आधी समुद्रापलीकडच्या एका देशात मोठा भूकंप झाला. सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं. उभी इमारत खाली बसते आणि मागून धूळ उठते, तेच परत परत. रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, "यंदाच्या लिलावाचा सगळा पैसा तिकडं पाठवायचा. फक्त पैसा. कपडे, गाठोडी नकोत असं कळवलंय. इथून कपडे पोचेपर्यंत तिकडची थंडी संपून जाते."

मागून एक म्हातारे म्हणाले, "आपल्याकडं लातूरच्या बाजूला झाला तेव्हा तर गाठोडी आली होती की!"

आली होती. मी तेव्हा तरणीताठी नर्स होते आणि चर्चच्या व्हरांड्यात बसून आम्ही बायकांनी ती गाठोडी सोडली होती. बाहेरच्या देशांतून आलेली. काय काय निघावं त्यातून! उंच टाचेचा बूट निघाला, तोही एकच. पायघोळ चकचकीत झगा निघाला. तो घालून कुणी कडबा तोडायचा होता कोण जाणे. माणसं पडलेल्या घरांच्या दगडांवर विलायती कोट घालून बसलेली मी नंतर तिकडं कँपला गेले तेव्हा बघितली. तेव्हाही मला वाटायचं, ह्या कोटात आधी कोण होतं? त्याला ठाऊक आहे का आपला कोट कुठं बसलाय?

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी दारात एक बाई उभी. आमच्याच मंडळीतली, चाळिशीच्या आसपासची. एका शाळेत मदतनीस आहे. भक्तीला शेवटच्या बाकावर बसते, संपली की चहाचे कप विसळते आणि निघून जाते. इतक्या वर्षांत माझ्या चौकशीला दाद न दिलेलं हे एकच माणूस. हातात कापडी पिशवी.

"सलाम, सिस्टरबाई."

"सलाम. ये, बस. पिशवीत काय आणलंस?"

"बसत नाय." असं म्हणून तिनं पिशवीतून एक लहान मुलीचं स्वेटर काढलं. कधीकाळी लाल असावं, आता विटकरी झालेलं. एका कोपरावर निळ्या दोऱ्यानं रफू. एक बाही दुसरीपेक्षा चांगली चार बोटं लांब. "उद्याच्या लिलावाला हाय. मी वेदीपुढं ठिवते. पण माझं हाय म्हणून सांगू नका कुणाला."

"का गं? चोरीचा माल हाय का?"

ती हसली नाही. "उतरण हाय," म्हणाली.

मग मी तिला बसवलंच. हाताला धरून. चहा टाकला. आणि ती बोलली, कधी नव्हे ती. बाप मेंढरं राखायचा, गाव त्या भूकंपाच्या पट्ट्यातलं. त्या पहाटे बाप मेंढरांबरोबर रानात होता म्हणून वाचला. आई आणि धाकटा भाऊ घरात होते. हिला लोकांनी दगडाखालून काढलं. मग कँप, मग तंबू, थंडी. एक दिवस ट्रक आला, गाठोडी फेकली गेली, आणि कुणीतरी हे स्वेटर हिच्या डोक्यातून घातलं.

"माझ्या बापानं ते असं चोळून बघितलं," ती दोन बोटं एकमेकांवर घासत म्हणाली. "म्हणला, कसल्या मेंढराची लोकर हाय गं ही, टोचत कशी नाय? आमची घोंगडी लई टोचायची ना. मग मला इथल्या होस्टेलात घातलं. तिथं पोरी म्हणायच्या, उतरणवाली आली. कुणाच्या तरी अंगावरचं काढून फेकलेलं घालती. एक बाही लांब, म्हणून वाकडी-बाही म्हणायच्या. मी घालायची तरी. दुसरं व्हतं कुठं?"

"मग ठेवलंस कशाला इतकी वर्षं?"

तिनं कप बाजूला सरकवला. "मला एकच इचारायचं व्हतं, सिस्टरबाई. कुणाला इचारणार? ह्ये कुणी नको झालं म्हणून फेकलं, का कुणी मुद्दाम दिलं? फेकलेलं असलं तर असू दे, माझं काय जातंय. अंगात तर मीच घातलं. पण कळायला पाहिजे व्हतं."

माझं तोंड फटकळ आहे, ते सगळ्या छावणीला माहीत आहे. "आणि अशी उतरण देवाला देतेस?" मी म्हटलं.

"पाळकसाहेब म्हणतात ना, आपल्याकडचं चांगलं ते आणा," ती म्हणाली. "तिकडं आता तसंच झालंय. माझ्याकडं चांगलं म्हणाल तर एवढंच हाय."

मग मी नाव सांगणार नाही असा शब्द दिला. तिनं स्वेटर घडी करून पिशवीत घातलं, स्वतःच्या हातानं ठेवते म्हणाली आणि गेली. चहा तसाच राहिला होता. नुसता राग येत होता मला, होस्टेलातल्या त्या पोरींचा. आता त्याही चाळिशीला टेकल्या असतील, लेकरंबाळं सांभाळत असतील, आणि एवढंसं काय बोललो ते त्यांना आठवतही नसणार. ह्या बाईनं मात्र ते जन्मभर ट्रंकेत जपून ठेवलं.

सणाला चर्च गच्च भरलं होतं. खांबांना उसाची मोळी, बाजरीची कणसं बांधलेली, वेदीपुढं फळांची रास, केक, अंड्यांचा ट्रे, आणि पाय बांधलेला कोंबडा. पाळकसाहेबांनी संदेश आटोपता घेतला, कारण कोंबड्यानं मध्येच दोनदा आपला संदेश दिला. ती बाई मागच्या दारापाशी चहाच्या टेबलाजवळ उभी होती. स्वेटर मी भोपळ्याशेजारी पडलेलं बघितलं.

लिलाव सुरू झाला. सीताफळं गेली. केक गेला, "पुन्हा!" झाला, परत गेला. रस्त्यांची कामं घेणारे आमच्यातले एक मोठे गुत्तेदार आहेत. त्यांचं पोट आणि त्यांची बोली दोन्ही पुढं असतात. त्यांनी भोपळा दोनदा घेऊन दोनदा परत दिला आणि म्हणाले, "क्या सिस्टर, आज आवाज में दम नहीं. तिकडं माणसं ढिगाऱ्याखाली आहेत, जरा भाव चढवा!"

"तुम्ही खिसा उघडा, आवाजाचं मी बघते," मी म्हटलं. लोक हसले.

मग मी स्वेटर उचललं. आता ही माझी पद्धत आहे. वस्तू कुठलीही असो, ती हातात फिरवत फिरवत मी तिचं कौतुक करते. भोपळ्याचंही करते. तशीच बोलायला लागले. "हे बघा, हातानं विणलेलं. मशीनचं नाही. विलायती लोकर. कुणी आणलं ते देवाला ठाऊक." आणि बोलता बोलता माझी बोटं त्याच्यावर फिरायला लागली. मी स्वतः विणते. दवाखान्याच्या थंडीत किती विणली असतील त्याचा हिशोब नाही, गुलमंडीतला लोकरवाला मला लांबून ओळखतो. त्यामुळं माझ्या बोटांना जे कळतं ते माझ्या आधीच कळतं.

"अरे, थांबा," मी म्हटलं. "ही बाही बघा. टाके एकसारखे. विणणारीचा हात बसलेला आहे. आणि ही लांब बाही? कुठं घट्ट, कुठं सैल. हा टाका सुटलाय, परत उचललाय. इथं मोजायचं विसरली आणि विणतच गेली, म्हणून लांब झाली. हे एका बाईचं काम नाही. दोघींचं आहे. एक विणकाम येणारी आणि एक शिकणारी."

"म्हणजे मालात खोट!" गुत्तेदार ओरडले.

"खोट तुमच्या रस्त्यात. गप बसा." मी स्वेटर उलटं केलं. खालची पट्टी आत दुमडून शिवलेली होती. त्या दुमडीत, शिवणीजवळ, बोटाला एक गोळी लागली. आधी वाटलं गाठ असेल. पण गाठ अशी मऊ नसते. मी केसातली पिन काढली, दोन टाके बाजूला केले, आणि आतून लोकर डोकावली. छोटीशी गुंडाळी, नीट दोऱ्यानं बांधून आत शिवून टाकलेली. आणि रंग? लालभडक! ऊन कधीच न लागलेला.

मी गप्प झाले. चर्चमध्ये कुणी मला लिलावात गप्प झालेलं बघितलं नव्हतं. सेक्रेटरी चष्म्यावरून बघायला लागले.

मग मी बोलले. मला खरं तर एकीलाच सांगायचं होतं, पण सगळ्यांना ऐकवल्यासारखं बोलले. "ह्याच्यात लोकर शिवून ठेवलीय. पुढं कधी फाटलं तर त्याच रंगाची लोकर हाताशी असावी म्हणून. मी पण शिवते कधी कधी. पण कधी शिवते सांगू का? घरच्या लेकरासाठी विणलं तर नाही शिवत. कशाला शिवू? उरलेला गुंडा घरातच असतो की, फाटलं की मीच सांधते. स्वेटर जेव्हा लांब जाणार असतं, परक्याच्या घरी, आणि फाटलं तर आपण तिथं नसणार हे ठाऊक असतं, तेव्हाच आत लोकर शिवतात." मी ती गुंडाळी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "म्हणजे हे कुणाच्या अंगावरचं काढून दिलेलं नाही. हे विणायला घेतलं तेच देण्यासाठी. एका बाईनं आणि तिच्या शिकाऊ पोरीनं बसून, कुणातरी अनोळखी लेकरासाठी. उतरण नाही ही."

तो शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. कुणी कुठं उतरण म्हटलं होतं? पण लोकांचं लक्ष नव्हतं. माझं लक्ष मागच्या दारापाशी. ती बाई ओला कप हातात धरून उभी होती, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि तिला ते कळत नव्हतं.

"पाचशे!" गुत्तेदार. "नातीला घेतो. बढिया चीज आहे."

"सहाशे." हा आवाज मागून आला, इतका बारीक की निम्म्यांना कळलंच नाही कुठून. मग सगळी डोकी मागं वळली.

आली का पंचाईत! बोली तिनंच लावली होती. आपणच आणलेल्या वस्तूवर. रिवाज मोडत होता, आणि तो मोडतोय हे सबंध चर्चमध्ये फक्त तिला आणि मला ठाऊक. बोलावं तर शब्द मोडतो, गप्प बसावं तर सेक्रेटरीची अकरावी आज्ञा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मनात म्हटलं, देवा, तुझं तू बघ, आणि मोठ्यानं म्हटलं, "सहाशे! सहाशे एक!"

गुत्तेदारांना चेव चढला. त्यांचा तो स्वभावच. समोर बोली लागली की माणूस कोण हे बघत नाहीत. "हजार!"

तिनं पदराची गाठ सोडली, आत बघितलं. "अकराशे."

"दीड हजार!"

लोक टाळ्या वाजवत होते. इतकं झिजलेलं स्वेटर आणि इतका भाव, सगळ्यांना मौज वाटत होती. तिकडच्या भूकंपाच्या नावानं बोली चढतेय, मग काय, चढू दे. मला मात्र तिचा चेहरा दिसत होता. महिनाअखेर होती. शाळेच्या मदतनिसाला पगार किती असतो हे मला विचारा, मी चौकशी केलेली आहे. तिनं परत गाठीत बघितलं, आणि गाठ बांधून टाकली.

"दीड हजार एक," मी म्हटलं. शक्य तितकं हळू. "दीड हजार... दोन..." तीन म्हणायचं जिवावर आलं होतं. मी इतका वेळ लावला की गुत्तेदारच म्हणाले, "सिस्टर, तीन म्हणताय का दुपारचं जेवून येऊ?"

आणि ती पुढं आली. मधल्या वाटेनं, कप हातात तसाच. वेदीच्या पायरीपाशी थांबली.

"ते माझं हाय," ती म्हणाली. "म्या आणलंय. ल्हानपणी भूकंपात मला मिळालं व्हतं. आई गेली तवा. मला वाटलं उतरण हाय, म्हणून दिलं." मग सगळ्यांसमोर ती रडायला लागली, अगदी लहान पोरासारखी, तोंड न झाकता. "उतरण नाय म्हणून मला आत्ता कळलं. आता मला परत पाहिजे."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी शब्द पाळला होता, तिनंच तो मोकळा केला.

सेक्रेटरी उठले. भले गृहस्थ आहेत, पण नियम म्हणजे नियम. "ताई, वाईट वाटतंय," ते म्हणाले, "पण वेदीपुढं ठेवलेलं परत देता येत नाही. आणि आणणाऱ्यानं बोली लावायची नाही, असा आपला ठराव आहे."

मला इतका संताप आला की वॉर्डातला आवाज निघणारच होता. पण माझ्याआधी गुत्तेदार उभे राहिले. लाल झाले होते ते, कानाच्या पाळ्यांपर्यंत. कुणाशी इतका वेळ इरेला पेटलो होतो ते त्यांना आत्ता कळलं होतं.

"सिस्टर, तीन म्हणा," ते म्हणाले.

"काय?"

"तीन म्हणा हो! माझा माल मला द्या."

मी तीन म्हटलं. त्यांनी पैसे काढून टोपलीत टाकले, स्वेटर माझ्या हातातून घेतलं आणि सेक्रेटरींकडं वळले. "आणणाऱ्यानं घ्यायचं नाही, कबूल. देवाचं परत न्यायचं नाही, कबूल. पण घेणाऱ्यानं आपला माल कुणाला द्यावा, ह्याचा काही ठराव आहे का तुमचा? असंल तर वाचून दाखवा."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला. "नाही," म्हणाले.

गुत्तेदारांनी स्वेटर तिच्या हातात ठेवलं. काहीतरी चांगलं बोलायचं होतं त्यांना, पण सवय नाही. "आधी सांगायचं ना, बाई," एवढंच पुटपुटले, आणि लगेच मागं वळून ओरडले, "कोंबडा! कोंबड्याचं काय झालं? आज माझ्याकडून कोंबडा कुणी नेऊन दाखवा!" त्या दिवशी कोंबड्याला जो भाव मिळाला तो आमच्या चर्चमध्ये कुठल्याच कोंबड्याला मिळालेला नाही. सगळा पैसा समुद्रापार गेला.

पुढच्या रविवारी भक्तीनंतर ती माझ्या घरी आली, न बोलावता. ह्या वेळी सांगावं लागलं नाही, आपणच बसली. स्वेटर माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "होस्टेलात हातात निळा दोरा व्हता, तेच्यानंच शिवलं. आता ते काढा. आतली लोकर घालून शिवा. तिनं त्याच्यासाठीच दिलीय ना?"

मी निळा दोरा उसवला आणि आतली गुंडाळी काढली. कोपराचं भोक मी हळूहळू विणून भरलं. ती माझ्या हाताकडं टक लावून बघत होती. झालं तेव्हा कोपरावर एक छोटासा तुकडा लालभडक दिसायला लागला आणि बाकीचं सगळं स्वेटर त्याच्याभोवती फिकं. माझ्या मनाला ते खटकलं. म्हटलं, "जरा उठून दिसतंय गं. रंग जमला नाही."

ती त्या तुकड्यावर बोट फिरवत होती. "असा व्हता व्हय रंग!" म्हणाली. "मी इसरलेच व्हते. माझा बाप म्हणला व्हता, कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढलंय जणू." आणि मग कितीतरी वेळ ती बापाचं सांगत राहिली, त्याच्या मेंढरांचं, आईचं. भाऊ पाळण्यात कसा हसायचा ते. मी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या आयुष्यात असं फार वेळा घडलेलं नाही.

जाताना तिची नजर टेबलावर गेली. बोटभर लोकर उरली होती.

"ती परत आत शिवून टाका, सिस्टरबाई."

"आता कशाला? तुझं कोपर काय परत त्यात जाणार आहे?"

"पुढं कुणाला तरी लागंल."

मला राहवेना. जुनी खोड. "कुणाला गं? तुला मूलबाळ नाही. कुणाला देणार आहेस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की एवढी चौकशी करणारी बाई आणि एवढं साधं कसं कळत नाही.

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "तिला तरी कुठं ठावं व्हतं?"